काळी पडली म्हणजे पिकली

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ

धुळ्याहून आत्ता परत. पोट बिघडलं आहे. प्रेमराजरावांच्या घरी दोनदा चहा घ्यावा लागला आणि दोन्ही वेळा त्यावर साय. सायीचा मला लहानपणापासून तिटकारा. पण मुलीचा बाप म्हटल्यावर गिळावी लागते. गिळली.

काम मात्र झालं. तसं ते आधीच झालेलं होतं. आमची ऋतिका आणि त्यांचा पियुष पुण्यात एकाच कंपनीत आहेत, दोघांनी सगळं ठरवून टाकलं आहे, आपल्याकडे फक्त हो म्हणायचं काम. आता ती मंडळी ११ जानेवारीला, रविवारी, आपल्याकडे मेहरूणला जेवायला येणार. नवराबायको आणि पियुष.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जेवताना प्रेमराजराव म्हणाले की आमच्याकडे पुरुषमाणसंही स्वयंपाक करतात, पियुष शेवभाजी फर्स्ट क्लास करतो. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही काय करता? कोकिळा हसली. नवऱ्याला असं विचारल्यावर बायकोनं हसायचं काही कारण नव्हतं. मी म्हणालो, ग्रिल्ड बनाना. कुठून तोंडात आलं कळत नाही. बहुतेक मागच्या आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता त्यातून. प्रेमराजरावांच्या मिसेस, सुलक्षणाबाई, लगेच म्हणाल्या, अरे वा, मग अकराला तेच खाऊ.

अवघड काही नाही. रावेर तालुक्यात जन्म गेला आहे. केळी म्हणजे आपला घरचा विषय.

फक्त मला केळ्याची किळस आहे. लहानपणी न्याहारीला केळी, मधल्या सुट्टीत केळी, ताप आला की केळी, ताप उतरला की केळी. तो गोडसर बुळबुळीत वास आला की मी खोली सोडतो. एकतीस वर्षं केळं तोंडात घातलेलं नाही. पण करणाऱ्यानं खायलाच पाहिजे असं कुठे आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात व्हिडिओ पुन्हा पाहिला. (कॉलेजच्या ऑफिसचा सुपरिंटेंडंट आहे मी. सुट्टीच्या तोंडावर काम नसतं.) एक बाई समुद्राकाठी उभी राहून केळी भाजते. सारखी दात काढून हसत असते, तेवढं सहन करावं लागतं. ती त्याला प्लँटेन म्हणते. तिकडच्या लोकांचा शब्द. केळं ते केळंच.

मुद्द्याची गोष्ट तिनं तीनदा सांगितली. साल काळी पडली की समजायचं तयार. पिवळी नाही, काळी. मी लिहून घेतलं.

मेनू ठरला. अर्धी केळी गोड: तूप, गूळ, दालचिनी. अर्धी तिखट: लिंबू, मीठ, लाल तिखट. सोबत पोळी, भाजी, वरण कोकिळा करेल. भरीत होणार नाही, हे घरात स्पष्ट सांगितलं. खानदेशात जानेवारीत कुणी पाहुणा आला की त्याला भरीतच घालायचं, हा काय प्रकार आहे. शेतात जाळ करायचा, वांगी जाळायची, डोळ्यांत धूर, डोक्यात राख, आणि मग सगळ्यांनी कोपरापर्यंत तेल ओघळत खायचं. बघवत नाही. प्रेमराजराव बघून गेले पाहिजेत की लीलाधरच्या घरी काहीतरी वेगळं असतं.

कोकिळेनं विचारलं, अभिमनभाऊंना कधी कळवताय? म्हणालो, बघतो.

२३ डिसेंबर

अभिमनभाऊंबद्दल स्वतःशी स्पष्ट असलेलं बरं.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. गावी केळी करतात. माणूस सोन्यासारखा, यात वाद नाही. मी शाळेत गेलो त्या वर्षी त्यांनी शाळा सोडून नांगर धरला, असं कोकिळा म्हणते. भाऊ स्वतः असं कधी म्हणालेले नाहीत, म्हणजे तसं नसेलही. ऋतिका तर त्यांना बापापेक्षा जास्त मानते. मोठे बाबा, मोठे बाबा. लहानपणी सुट्टी लागली की पळाली रावेरला.

अडचण दुसरी आहे. भाऊ मोठ्यानं बोलतात. केळीला केयी म्हणतात. त्यांचा एकही शर्ट असा नाही ज्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग नाहीत. आणि धुळ्याला शेतीचा विषय निघाला तेव्हा मी म्हणून गेलो की आहे थोडीफार, माणसं बघतात. चूक काही नाही त्यात. पण भाऊ समोर बसले आणि त्यांनी ताटावर हात ठेवला की कोण माणसं ते लगेच दिसणार.

शिवाय टेबल सहा जणांचं आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार. सुट्टी

ग्रिल आली. कोळशाची, झाकणवाली. एक पाय आखूड निघाला. खाली विटेचा तुकडा लावला, आता कुणाच्या लक्षात येणार नाही. खोकं जाड पुठ्ठ्याचं आहे. कोकिळा म्हणाली झाकण राहू द्या, कशाला तरी होईल. या बाईला पुठ्ठा टाकवत नाही. आख्खी गच्ची पुठ्ठ्यांनी भरून जाईल एक दिवस.

आता केळी. कोकिळा म्हणते, चौकातल्या गाडीवरून दोन डझन पिकलेली आणा आणि मोकळे व्हा. ती माहेरची पहूरची, कापसाकडची, तिला कळणार नाही. रावेरचा माणूस गाडीवर उभा राहून केळी विकत घेतो? आमच्या सात पिढ्यांत कुणी केळं विकत घेतलेलं नाही. ओळखीच्या कुणी पाहिलं तर गावी बातमी जाईल की लीलाधरला घरचं कुणी विचारत नाही.

भाऊंना फोन केला. खूश झाले. म्हणाले, "एक घड पाठवतो. पन तुले काहून पाहिजे? तू त केयी पाह्यल्या की पयायचा."

म्हणालो, असंच, घरी. अकरा तारखेचा विषय निघाला नाही. निघायच्या आत मी फोन ठेवला.

२७ डिसेंबर, शनिवार

घड आला. माणसाच्या कमरेएवढा. गावच्या एका पिकअपवाल्यानं दारात उतरवला आणि गेला. मी आणि कोकिळेनं दोन्ही टोकांना धरून जिन्यानं वर नेला. मध्ये दोनदा टेकवला. पाठ गेली. नुसत्या त्या हिरव्या वासानं मळमळायला लागलं.

भाऊंचा मागोमाग फोन. फण्या सुट्या कर, गोणपाट नाहीतर गोधडीत गुंडाळ, घरात उबेला ठेव, उघड्यावर ठेवू नको, थंडी आहे. असं बरंच काही. मी हो हो म्हटलं. पण हा वास घरात नको. शिवाय फळाला हवा लागली पाहिजे, साधं सायन्स आहे. गच्चीवर टाकीच्या पाइपाला सगळा घड टांगून ठेवला. छान दिसतो.

२८ डिसेंबर, रविवार

पहिली ट्रायल. नवा पांढरा शर्टही घातला, अकराला तोच घालायचा आहे, म्हणून एकदम ड्रेस रिहर्सल.

केळी हिरवी आहेत हे मान्य. पण टेक्निक बघायचं होतं. सोलताना सालीला नखं लागेनात, सुरी घेतली. चिक ओघळला, हाताला, सुरीला, ओट्याला. घाण. बोटं एकमेकांना चिकटली. चकत्या ग्रिलवर टाकल्या. त्या जाळीला बसल्या त्या बसल्याच. खरवडून काढल्या. धूर इतका की खालून पुष्पाबाईंनी ओरडून विचारलं, गच्चीवर टायर जाळताय का? आठ वर्षं शेजारी आहेत आणि बोलायची पद्धत अजून ही.

चव कोकिळेनं घेतली. म्हणाली तुरट आहे, जीभ जड झाली. मग खाल्लेलं हातावर काढून माझ्यासमोर धरलं. संसाराची चोवीस वर्षं आणि शेवटी हे बघायचं.

निष्कर्ष: जाळी नवी आहे, म्हणून चिकटतं. पुढच्या वेळी तूप जास्त.

३० डिसेंबर, मंगळवार

पांढऱ्या शर्टावर काल काही नव्हतं. आज धुऊन आल्यावर पुढून, बरोबर पोटावर, काळपट डाग. तीन मोठे, बाकी शिंतोडे. कोकिळा म्हणाली, केळीच्या चिकाचा डाग जात नाही हे रावेरच्या माणसाला माहीत नाही? मी म्हणालो, माहीत आहे, नवीन पावडर खरंच डाग काढते का ते बघत होतो. काढत नाही. कंपनीला मेल करणार आहे.

भाऊंच्या सगळ्या शर्टांना नेमके हेच डाग असतात. आजपर्यंत मला वाटायचं ते शर्ट नीट धूत नाहीत.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

नव्या वर्षाचे संकल्प. रोज पहाटे उठून मेहरूणच्या तलावाला एक फेरी. रागावर ताबा. सायीबद्दल मन मोठं करणे. केळीची किळस हळूहळू काढणे: आज वास, पुढच्या आठवड्यात स्पर्श, मग बघू.

सकाळी फेरी झाली नाही, धुकं होतं.

दुपारी ऋतिकाचा फोन. सगळं ठीक ना, मेनू काय, वगैरे. मग विचारलं, मोठे बाबा येणार ना? मी म्हणालो, त्यांना फोन केला होता, केळीची कटाई चालू आहे, जमणार नाही म्हणाले. ती म्हणाली, माझ्या लग्नाचं पहिलं जेवण आहे, पप्पा, मोठे बाबा नसतील तर मला नाही बसता येणार त्या टेबलावर. लाडावून ठेवली की असं होतं.

खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. फोन केलाच होता, घडासाठी का होईना. आणि जानेवारीत कुणाची ना कुणाची कटाई असतेच.

३ जानेवारी, शनिवार

केळी काळी पडायला लागली. कडाक्याची थंडी असूनसुद्धा. सकाळी गच्चीवर गेलो तर सालीवर करडे काळे पट्टे, अगदी त्या बाईच्या व्हिडिओतल्यासारखे. मी खाली येऊन कोकिळेला हाक मारली. ती स्वेटर घालून वर आली, एक केळं दाबून पाहिलं आणि खाली गेली. तिला कुणाचं कौतुक करता येत नाही.

भाऊंचा फोन. म्हणाले, "केयी पिकली का रे?"

मी सांगितलं, अर्धी काळीसुद्धा झाली. त्यांनी विचारलं, "काया पडल्या? कुठी ठेवल्या?" म्हणालो, घरातच, तुम्ही सांगितलं तसं. भाऊ म्हणाले मग ठीक आहे. त्यांच्याकडे पारा फार उतरलाय म्हणे, रोज पहाटे चारला उठून बागेच्या कडेनं पालापाचोळा पेटवतात, धुरानं बागेला ऊब राहते, नाहीतर थंडी केळीला मारून टाकते. डोळे चुरचुरतात म्हणाले. मी म्हणालो, ड्रॉप टाका.

पहाटे चारला उठून कचरा जाळायचा. असल्या आयुष्याचा मला विचारही करवत नाही. शिकलो म्हणून सुटलो.

विषय आजही निघाला नाही.

५ जानेवारी, सोमवार

दुसरी ट्रायल. साल पूर्ण काळी, आत पांढरं आणि कडक. कोकिळा म्हणाली लाकूड आहे. मी समजावलं की पिकणं बाहेरून आत येतं, साल आधी, गर नंतर, अजून सहा दिवस आहेत. तिनं विचारलं, हे कुठे वाचलं? मी म्हणालो, सगळंच वाचावं लागत नाही.

चकत्या या वेळी कमी चिकटल्या. म्हणजे जेवढ्या जाळीतून कोळशात पडल्या तेवढ्या चिकटल्या नाहीत.

७ जानेवारी, बुधवार

ऑफिसात हितेंद्रला विचारलं. तो क्लार्क आहे, पण सासरा यावलचा बागायतदार. सहज विचारल्यासारखं विचारलं, केळी बाहेरून काळी आणि आतून कडक असली तर काय समजायचं? तो म्हणाला, थंडीत उघडी राहिली असतील, सर, आता ती पिकत नाहीत, गुरांना टाकायची. मी म्हणालो, एका ओळखीच्यांची आहेत.

या हितेंद्रला कुठल्याही विषयात मत असतं. मागच्या महिन्यात प्रिंटरबद्दलही होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

ऋतिका सकाळच्या गाडीनं आली. गच्चीवर गेली, घड पाहिला, हसत सुटली. मग थांबली, कारण मी हसत नव्हतो.

चहा झाल्यावर म्हणाली, मोठ्या बाबांना मीच फोन करते. मी म्हणालो, कशाला, त्यांना कटाई आहे. तोवर तिनं लावलासुद्धा. मी बाथरूमला गेलो. नळ सोडून बसलो. आता सगळं बाहेर येणार, पोरीसमोर, कोकिळेसमोर. स्वतःची इतकी शिसारी मला पूर्वी कधी आली नव्हती. हवामान बदललं की होतं असं.

बाहेर आलो तर ऋतिका खुशीत. म्हणाली, मोठे बाबा म्हणाले की पप्पांचा फोन आला होता, मीच कटाईचं कारण सांगितलं, पण तू बोलावतेस तर कटाई एक दिवस पुढे ढकलतो.

म्हणजे मी त्यांना बोलावलंच होतं. फोनवर कुठेतरी बोलून गेलो असेन आणि लक्षात राहिलं नसेल. वयाप्रमाणे होतं. भाऊंना बरोबर आठवतं.

कोकिळा माझ्याकडे बघत होती. मी पेपर उघडला. उलटा नव्हता, मी तपासलं.

१० जानेवारी, शनिवार

आज थोडी शंका आली. फार नाही. दहापैकी दहा केळी दाबून पाहिली, दहाही कडक.

संध्याकाळी हेल्मेट घातलं, काच खाली केली, आणि चौक सोडून लांबच्या, अजिंठा रोडच्या गाडीवर गेलो. पिकलेली दोन डझन बांध म्हणालो. आवाजही बदलला होता. गाडीवाल्या म्हाताऱ्यानं केळी बांधता बांधता माझ्या गाडीची नंबर प्लेट पाहिली, मग मला पाहिलं, आणि म्हणाला, "तुम्ही अभिमनभाऊंचे धाकले ना? भाऊंचाच माल हाय हा. तुम्हाले घरी न्ही पाठवत का?"

मी म्हणालो, चुकीची ओळख आहे. केळी तशीच ठेवून निघालो. मागून तो ओरडत होता की अहो घेऊन जा, भाऊंच्या घरच्यांकडून मी काही घेणार नाही. सिग्नल लाल असताना गेलो. आयुष्यात पहिल्यांदा.

काही हरकत नाही. रात्रीत पिकतील. फळ असंच असतं, शेवटच्या रात्री एकदम पिकतं.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

पिकली नाहीत.

सगळं क्रमानं लिहितो. पाहुणे साडेअकराला आले. प्रेमराजराव, सुलक्षणाबाई, पियुष. भाऊ अजून आले नव्हते. मी डागांवर स्वेटर घातला होता. प्रेमराजराव अगदी पुस्तकात बोलतात तसं बोलत होते, मीही तसंच. हवामानाबद्दल झालं. मग मी त्यांना गच्चीवर नेलं आणि ग्रिल दाखवली. ते म्हणाले, व्यवस्थित आहे. वीट त्यांनी पाहिली.

गोड चकत्या आधी केल्या. गूळ जळला, केळं कच्चं राहिलं. सुलक्षणाबाईंनी एक चकती तोंडात घातली आणि तिथेच ठेवली. गालात. बोलायची वेळ आली तेव्हाही ती तिथेच होती, मला दिसत होती. प्रेमराजराव म्हणाले, वेगळं आहे. पियुषनं तीन खाल्ल्या आणि पाणी मागितलं. पोरगा चांगला आहे. तिखटाच्या चकत्या जाळीला लागल्या आणि ग्रिल विटेवरून सरकून एका बाजूला कलली. कोळसे गच्चीवर. ऋतिकानं पाण्याची बादली ओतली. राख माझ्या अंगावर. स्वेटर काढावा लागला. डाग.

खाली हॉर्न वाजला. भाऊ. गावच्या जीपमधून एक पोतं वांगी, वर पऱ्हाटीचा भारा, आणि घरची लाकडी बडजी, ज्यात भरीत कुटतात ती. धुतलेला पांढरा शर्ट, खिशापाशी चिकाचा डाग. पोटापाशी दुसरा. आम्ही दोघे सारखे दिसत होतो. मी नजर फिरवली.

भाऊ वर आले, सगळ्यांना हात जोडले, ऋतिकाच्या डोक्यावर हात ठेवला. मग घडापाशी गेले. एक केळं तोडलं, अंगठ्यानं दाबलं. मला वाटलं आता गोधडीचा विषय निघणार, मी काय सांगितलं होतं तो निघणार, सगळ्यांसमोर. ते हळू म्हणाले, "ह्या पिकल्या नही, लीलाधर. थंडीनं मारल्या." आणि मग, "जाऊ दे. वांग्यासंगं टाकू."

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जाळ केला. कपाशीच्या काड्या धडधडून पेटतात. वांगी टाकली, आणि सगळी काळी कच्ची केळी, सालीसकट, अख्खीच्या अख्खी निखाऱ्यात. जाळ मंद व्हायला लागला तसे भाऊ इकडेतिकडे बघायला लागले. मी गच्चीवरून ते पुठ्ठ्याचं झाकण आणलं आणि वारा घालायला बसलो. दुसरं कुणी बसत नव्हतं.

प्रेमराजराव तिथेच उकिडवे बसले. आणि काय झालं कळलं नाही, भाऊंशी ते एकदम घरच्या बोलीत बोलायला लागले. धुळ्याची बोली वेगळी, रावेरची वेगळी, तरी दोघांचं एकही वाक्य अडलं नाही. माझ्याशी हा माणूस तीन तास धुळ्याला आणि एक तास इथे छापील बोलला होता. बोलता बोलता त्यांनी भाऊंना सांगितलं, तुमचे भाऊ म्हणत होते शेती माणसं बघतात.

माझा हात थांबला. पुठ्ठा तसाच हवेत.

भाऊंनी काठीनं एक केळं उलटं केलं. म्हणाले, "खरं सांगतो तो. मी आन माही घरवाली. मानसंच त आम्ही."

प्रेमराजराव हसले. भाऊही हसले. मला हसता आलं नाही. मी खूप जोरात वारा घातला, राख सगळ्यांच्या अंगावर उडाली. मला लाज वाटली. हे लिहून टाकतो आणि खोडणार नाही. भाऊंनी शुक्रवारी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि आज खरं सांगितलं, दोन्ही वेळा मला वाचवायला.

केळ्याची साल कोळशासारखी झाली. भाऊंनी सोलली तर आत मऊ, वाफाळतं, पिठूळ. भाजलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. बडजीत दोन हात मारले. कोकिळेनं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या होत्या. मी सांगितलं होतं पोळ्या कर. तिनं सकाळीच कळण्याचं पीठ काढून ठेवलं होतं. घरात मला न विचारता काय काय ठरतं, त्याची वेगळी वही करावी लागेल.

भाऊंनी एक घास माझ्यासमोर धरला. सगळे बघत होते म्हणून खाल्ला.

आई कटाईच्या दिवशी बांधावर हेच करायची. तुटलेल्या, मोडलेल्या, गाडीत न जाणाऱ्या केळ्यांचं. मी पाय आपटायचो, म्हणायचो मला पोळी पाहिजे, आणि भाऊ त्यांच्या वाटची भाकरी मला द्यायचे आणि स्वतः हे खायचे. एकतीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आणखी घेतलं. किती खाल्लं ते सांगता येत नाही. तेल कोपरापर्यंत ओघळलं होतं. बाकी सगळ्यांचंही ओघळलं होतं.

प्रेमराजराव भाऊंना म्हणाले, "भाऊ, हाई काय शे? बेस लागी राहिनं." सुलक्षणाबाईंनी रेसिपी लिहून घेतली. गालातली चकती तोवर कुठे गेली ते मी पाहिलं नाही. पुष्पाबाई धुराबद्दल तक्रार करायला आल्या आणि ताट घेऊन गेल्या. ऋतिका भाऊंच्या बाजूला बसून जेवली, मातीत, नवीन ड्रेसवर.

निघताना भाऊ म्हणाले, कटाई उद्याच ठेवलीये, पहाटे निघतो म्हणून थांबत नाही. म्हणजे कटाई होती. मी खरं बोललो होतो.

१२ जानेवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. काल जे झालं ते एका अर्थी माझ्या योजनेप्रमाणेच झालं. केळी भाजून साइड डिश, जानेवारीत, पाहुण्यांसमोर. पद्धत थोडी बदलली एवढंच. भाऊंना मीच बोलावलं होतं. घड मी मागवला म्हणून केळी होती. काळी केळी भाजायला योग्य असतात हे त्या बाईनं सांगितलं होतं आणि तसंच निघालं. ग्रिल नीट उभी राहिली नाही हा कंपनीचा दोष. दुपारी प्रेमराजरावांना मेसेज टाकला: कालच्या ग्रिल्ड बनानाचा प्रयोग आवडला असेल अशी आशा.

साडेचारला उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

"अभिमनभाऊंच्या हातची केळी घरात सगळ्यांना फार आवडली. साखरपुडा फेब्रुवारीत धुळ्याला करू, तारीख भाऊंच्या कटाया बघून तुम्हीच कळवा. भरीत आणि केळी भाऊंनीच करायची, आम्ही काड्या जमवून ठेवतो. तुम्हीही अवश्य या. वारा छान घालता."

दोनदा वाचलं. मग भाऊंना फोन लावला. पहिल्यांदाच काही नको असताना. बागेत होते, मागे ट्रॅक्टर चालू होता, नीट ऐकू आलं नाही. तारीख विचारली. त्यांनी सांगितली. शर्टाचे डाग कशानं जातात तेही विचारलं. म्हणाले, जात नाहीत, घालायचा तसाच.

ग्रिल भंगारवाल्याला दिली. पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं आहे. कोकिळेला सांगितलं, टाकू नको.